नमुन्यांची रवानगी

चाकणच्या औद्योगिक वसाहतीतून मोटारींच्या सुट्या भागांची जी खोकी दररोज बाहेर पडतात, त्यांतील प्रत्येकावर माल कोणता, नग किती, कोणती बाजू वर ठेवावयाची आणि एकावर एक किती थर रचावयाचे, याचा तपशील छापलेला असतो. आणि त्याच पुणे-नाशिक रस्त्यावरून, त्याच खोक्यांनी भरलेल्या मालमोटारींमधून वाट काढीत, खेड तालुक्यातील एखाद्या गोठ्यात तापाने फणफणलेल्या गाईच्या रक्ताची कुपी जेव्हा औंधच्या रोग अन्वेषण विभागाकडे निघते, तेव्हा ती पुष्कळदा कोणाच्या तरी दुचाकीच्या डिकीत, प्लॅस्टिकच्या पिशवीत, अर्धवट वितळलेल्या बर्फाशेजारी पडलेली असते. बेअरिंगच्या वाट्यास आलेली काळजी रक्ताच्या वाट्यास का येऊ नये, असा माझा प्रश्न आहे, आणि तो पशुसंवर्धन खात्याइतकाच इथल्या कारखानदारांनाही आहे.

पुण्याला हा विषय परका नाही. बुळकांडी या गुरांच्या साथीने गावोगावचे गोठे ओस पाडले त्या काळात, 9 डिसेंबर 1889 रोजी, हिंदुस्थानातील पशुरोगांच्या संशोधनाची पहिली सरकारी प्रयोगशाळा, इंपीरियल बॅक्टेरिऑलॉजिकल लॅबोरेटरी, पुण्याच्या सायन्स कॉलेजात स्थापन झाली, आणि अल्फ्रेड लिंगार्ड यांच्याकडे तिची सूत्रे आली. इतके संसर्गजन्य जंतू भर वस्तीत हाताळणे धोक्याचे आहे हे ध्यानात आल्यावर 1893 मध्ये ती कुमाऊंच्या डोंगरात मुक्तेश्वरला हलविण्यात आली, आणि आजची भारतीय पशुचिकित्सा संशोधन संस्था तिच्यातूनच वाढली. रोगाचा जंतू कोठे ठेवावा आणि कसा न्यावा, ही चिंता या शास्त्राला जन्मापासूनच लागलेली आहे. पुढे 2011 मध्ये बुळकांडी साऱ्या जगातून हद्दपार झाल्याचे जाहीर झाले, त्यामागे लस होती हे सर्वांस ठाऊक असते. परंतु त्या लसीइतकेच श्रम गावोगावचे नमुने गोळा करून, तपासून, रोग खरोखरच उरला नाही हे सिद्ध करण्यात खर्ची पडले, हे सहसा कोणी सांगत नाही.

नमुना वाटेत बिघडतो म्हणजे नेमके काय होते, ते जवळून पाहण्यासारखे आहे. रक्त गोठविले, किंवा गाडीच्या धक्क्यांनी घुसळले, तर तांबड्या पेशी फुटतात आणि पिवळसर, नितळ निघावयाचे रक्तजल गुलाबी अथवा लालभडक होते. मग त्यावरील पुष्कळशा चाचण्या भरवशाच्या राहत नाहीत. यकृताचा किंवा फुप्फुसाचा तुकडा सूक्ष्मदर्शकाखालच्या तपासणीसाठी फॉर्मेलिनमध्ये ठेवावयाचा, तर फॉर्मेलिन तुकड्याच्या दहापट हवे आणि तुकडा पातळ हवा. आणि बाटली, एवढे तरी लक्षात असावे, रुंद तोंडाची हवी. अरुंद गळ्याच्या बाटलीत मऊ तुकडा बोटाने सहज ढकलता येतो, पण तोच फॉर्मेलिनने कडक झाल्यावर बाहेर निघत नाही, आणि प्रयोगशाळेतील माणसाला बाटलीच फोडावी लागते. फॉर्मेलिनच्या त्याच डब्यात रक्ताच्या काचपट्ट्या ठेवल्या तर नुसत्या वाफेने त्या निकामी होतात, रंग धरीत नाहीत. लाळ्या खुरकुताचा विषाणू आम्लाने मरतो, म्हणून जिभेवरील फोडाची साल ग्लिसरीनच्या मोजून तयार केलेल्या द्रावणातच पाठवावी लागते. फाशी या रोगाची शंका आली तर शवाला सुरीच लावावयाची नाही, कानाच्या शिरेतून रक्ताचा थेंब घेऊन काचपट्टी करावयाची. कारण शव उघडले की हवा लागून जंतूंची बीजे बनतात आणि त्या मातीत ती दशकानुदशके जिवंत राहतात. आणि इतके सारे नीट करूनही, शाईने लिहिलेली चिठ्ठी बर्फाच्या पाण्याने धुऊन गेली, तर कुपी कोणत्या जनावराची, हे सांगावयास कोणी उरत नाही. हल्ली गुरांच्या कानात बारा अंकी बिल्ला असतो. तो अंक शिसपेन्सिलीने कुपीवर उतरविण्यास काय लागते?

या सर्वांवरील इलाज जगाने केव्हाच ठरवून ठेविला आहे, आणि तो चाकणमधील कोणत्याही पॅकिंगवाल्यास क्षणात समजेल असा आहे. आतील कुपी गळणार नाही अशी. तिच्याभोवती सांडलेले सारे शोषून घेईल इतका कापूस. मग दुसरा, घट्ट झाकणाचा डबा. बर्फ या दुसऱ्या डब्याच्या बाहेर. आणि सर्वांवर ताठ खोके, जे 1.2 मीटर उंचीवरून पडले तरी आतील काही गळू नये, आणि ज्याच्यावर चौकटीत अशा नमुन्यांची खूण असलेला यूएन 3373 हा अंक असावा. तपशिलाचा कागद दुसऱ्या डब्याबाहेर, प्लॅस्टिकच्या पाकिटात. यात परदेशातून आणावे असे काही नाही. पुठ्ठा, थर्माकोल, फोम आणि छापील चिठ्ठ्या यांचा तर या पट्ट्यात स्वतंत्र उद्योगच उभा आहे.

यावर कोणी म्हणेल, दवाखान्यातील माणसाला गोठ्यांच्या फेऱ्याच पुरतात, तो खोकी कोठे बांधत बसेल? त्याचे म्हणणे रास्त आहे, आणि माझा रोख त्याच्यावर नाहीच. दवाखाना जिल्हा परिषदेचा, प्रयोगशाळा राज्य शासनाची, आणि मधला रस्ता ज्याच्या त्याच्या भलेपणावर सोडलेला, अशी जी व्यवस्था आहे, तिच्यावर तो आहे. यंत्रे विकत घेतली की छायाचित्रे छापून येतात. खोक्यांची छायाचित्रे कोण काढणार? परंतु किमती यंत्राला कुजलेला नमुना दिला, तर तेही उत्तर देत नाही, किंवा त्याहून वाईट म्हणजे चुकीचे देते.

दिरंगाईची किंमत या राज्याने मोजलेली आहे. फेब्रुवारी 2006 मध्ये नवापूरच्या कोंबड्यांत बर्ड फ्लू असल्याचे निदान भोपाळच्या उच्च सुरक्षा प्रयोगशाळेत झाले, आणि जानेवारी 2021 मध्ये परभणीच्या मुरुंब्याचे नमुनेही तेथेच गेले. तेवढ्या अंतरावर जाणारे खोके वाटेत फुटले असते, तर निदान लांबलेच असते, पण वाटेवरची माणसेही धोक्यात आली असती. लम्पी चर्मरोग 2022 च्या पावसाळ्यात जळगावकडून राज्यभर पसरला, तेव्हा गुरांचे बाजार बंद ठेवण्याचे हुकूम निघाले, आणि ज्याची गाय धडधाकट होती त्या शेतकऱ्याचाही व्यवहार थांबला. निदान एक दिवस अगोदर होणे म्हणजे कोणत्या गावाभोवती रेघ ओढावयाची आणि कोणते गाव मोकळे सोडावयाचे, हे एक दिवस अगोदर कळणे होय.

2013 च्या कंपनी कायद्याने मोठ्या कंपन्यांना सरासरी नफ्याचे दोन टक्के सामाजिक कामावर खर्च करणे बंधनकारक केले आहे. शाळांना रंग देणे आणि झाडे लावणे चांगलेच आहे. पण चाकण, भोसरी, तळवडे या पट्ट्यातील कारखानदारांनी आपल्याच पॅकिंग विभागाकडून नमुन्यांची प्रमाणित खोकी तयार करवून घ्यावीत, खेड आणि मावळ तालुक्यांतील प्रत्येक गुरांच्या दवाखान्यात ती पोहोचवावीत, आणि पशुसंवर्धन खात्याने आठवड्यातून ठरलेल्या वारी ती गोळा करून औंधला नेणारी एक गाडी नेमावी, एवढी माझी विनंती आहे. आरंभ चाकणच्या शनिवारच्या गुरांच्या बाजारापासून करावा, कारण निरनिराळ्या गावांची जनावरे एकमेकांच्या शेजारी तेथेच उभी राहतात.