बिऱ्हाड परमुलखातले

‘घर पाहावे बांधून’ म्हणणाऱ्याने मुंबईत जागा भाड्याने घेऊन पाहिली नसावी! १८९६ च्या प्लेगनंतर, १८९८ मध्ये इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट निघाला. त्याच्या दादर-माटुंगा योजनेतून आमचे माटुंगे वसले. मद्रासकडल्या कारकुनाला मुंबई म्हणजे परदेशच. पण एकाने बिऱ्हाड थाटले, की त्याच्या ओळखीवर दुसरा येई. १९४७ च्या भाडेकायद्याने भाडेकरूचे पाय रोवले. पागडी मात्र गुन्हा ठरूनही दाराआड चालूच राहिली. १९९९ च्या कायद्याने तिला मान्यताच दिली. आजचा नवागत बहुधा अकरा महिन्यांचा करार करतो. कायद्याच्या लेखी तो भाडेकरूही नव्हे, नुसता परवानाधारक! शेजार जुळतो न जुळतो, तोच वळकटी बांधायची. हे शहर आपले म्हणायला त्याने शिकावे तरी केव्हा?