ड्यू डेटचं भूत

आज जरा चिडून लिहितोय, आधीच सांगून ठेवतो.

गेल्या पावसाळ्यात मी मामा झालो. ठरल्यापेक्षा नऊ आठवडे आधीच! ताईचं बाळ ३१व्या आठवड्यात आलं, वजन १४०० ग्रॅम. पहिले काही आठवडे काचेच्या पेटीत गेले. घरी आलं तेव्हा सोबत कागदांची जाडजूड फाईल. डोळे कधी तपासायचे, कान कधी तपासायचे, सगळ्याच्या तारखा होत्या. लशींसमोर मात्र नुसतं 'नंतर, सल्ल्यानुसार'.

या 'नंतर'वर आमच्या घरी महिनाभर संसद भरली. ताईच्या सासूबाई म्हणाल्या, "एवढ्याशा मांडीत सुया? अंगावर मांस तरी येऊ दे." जिजाजींचं गणित वेगळंच: "प्रीमॅच्युअर बाळाचं वय ड्यू डेटपासून मोजायचं असतं." आणि जिथे बाळाला दाखवत होतो, तिथेही एवढंच ऐकायला मिळालं की वजन वाढू द्या, घाई काय आहे?

घाई काय आहे ते सांगतो.

न्यूमोकोकस नावाचा जंतू न्यूमोनिया करतो, कधी रक्तात शिरतो, कधी मेंदूच्या आवरणापर्यंत पोचतो. आईच्या अँटिबॉडीज बाळाला मिळतात त्या मुख्यतः शेवटच्या तीन महिन्यांत. ३१व्या आठवड्यात बाहेर पडलेल्या बाळाची ही शिदोरी अर्धवटच बांधलेली. फुप्फुसंही कच्ची. म्हणजे ज्याची ढाल सगळ्यात छोटी, त्यालाच आपण म्हणतो 'तू थांब'. याला काळजी कसं म्हणायचं?

आता हिशेब बघा. सरकारी वेळापत्रकात न्यूमोकोकलचे (पीसीव्ही) डोस ६ आणि १४ आठवड्यांना, बूस्टर ९ महिन्यांना. २०१७ मध्ये काही राज्यांत सुरू झालं, २०२१ पासून देशभर आणि फुकट. एक लस तर आपल्या हडपसरच्या सीरममध्येच बनते. जिजाजींच्या हिशेबाने पहिला डोस कधी? ९ अधिक ६, म्हणजे जन्मानंतर १५व्या आठवड्यात. ज्या दिवशी खरं तर दोन डोस होऊन गेलेले असायला हवेत, त्या दिवशी आमचं पिल्लू शून्यावर!

ड्यू डेटपासून मोजलेलं वय खोटं नाही. बाळ मान कधी धरेल, रांगेल कधी, हे बघायला तेच लागतं. लशीला मात्र जन्मतारीखच लागते, आणि डोसही पूर्णच, अर्धा नाही. आम्हा सॉफ्टवेअरवाल्यांना हा बग ओळखीचा आहे. चुकीच्या टाइमस्टँपवर शेड्युलर लावला की जॉब धावतो, फक्त उशिरा धावतो. एरर कुठेच दिसत नाही.

वजनाचा मुद्दाही असाच उसना आहे. हिपॅटायटिस बीच्या जन्मवेळच्या डोसाबाबत २ किलोच्या आतल्या बाळांचा वेगळा विचार करतात. तो नियम सगळ्याच लशींना चिकटवून आपण मोकळे!

"पण अशा बाळांचं शरीर लशीला नीट दाद देत नाही म्हणे." अर्धं खरं आहे. म्हणून तर ब्रिटनमध्ये वेळेआधी जन्मलेल्या २१० बाळांवर तीन वेळापत्रकं ताडून पाहिली. निष्कर्ष २०१६ मध्ये आले. डोसांत जास्त अंतर ठेवलं तर सुरुवातीचा प्रतिसाद चांगला. कमी डोस दिले तर बूस्टरनंतरचा चांगला. म्हणजे लवकरचं संरक्षण हवं की नंतरचं, यावर उत्तर बदलतं. आपल्याकडेही खासगीत बालरोगतज्ज्ञांची संघटना सुरुवातीला तीन डोस सांगते, सरकार दोन. वाद जरूर घाला. पण ब्रिटनच्या त्या तिन्ही वेळापत्रकांत पहिला डोस दोन महिन्यांनाच होता, जन्मापासून मोजून. भांडण अंतराचं आहे, सुरुवातीचं नाही.

एक मात्र खरं. फारच लवकर जन्मलेल्या बाळांचा श्वास पहिल्या डोसनंतर क्वचित अडखळतो. त्यावर उपाय म्हणजे डोस दवाखान्यात, देखरेखीखाली देणं. डोस टाळणं हा उपाय नव्हे. बाळ सहा आठवड्यांनंतरही पेटीतच असेल आणि तब्येत स्थिर असेल, तर तिथेच टोचता येतं.

शेवटी अकराव्या आठवड्यात ताई वैतागून मनपाच्या दवाखान्यात गेली. तिथल्या सिस्टरनी कार्ड उलटंपालटं केलं, बाळाकडे बघितलं आणि विचारलं, "जन्मतारीख हीच ना? मग आजपर्यंत कुठे होतात?" डॉक्टरांना दाखवलं आणि टोचलं. बाळ दोन मिनिटं रडलं, ताई जास्त रडली.

मधल्या पाच आठवड्यांत काही झालं नाही. ते आमचं नशीब. नशिबावर प्रॉडक्शन चालवत नाहीत.

माझी मागणी एवढीच आहे: पेटीतून घरी जाणाऱ्या प्रत्येक बाळाच्या फाईलवर लशींच्या तारखा ठळक छापा, जन्मतारखेपासून मोजून. 'नंतर' ही तारीख नाही. आणि तुमच्या घरात असं चिमणं बाळ असेल, तर हे वाचून झाल्यावर कार्ड काढा आणि आठवडे मोजा. उशीर झाला असेल तरी जा. राहिलेले डोस पुढे घेता येतात.

असो. चहा गार झाला.