मानत नाही, म्हणून काय झालं?

जानेवारीत आम्ही श्रीलंकेला जाऊन आलो. आम्ही म्हणजे मी, आमचे हे आणि टूरवाल्यांनी जमवलेली आणखी तीसेक मराठी माणसं. प्रवासवर्णन लिही म्हणून भाचीचा दोनदा फोन येऊन गेला. ते लिहीन कधीतरी. आधी बसमध्ये अर्धवट राहिलेलं एक भांडण पुरं करायचं आहे. बसमध्ये मला मुद्दे सुचले नाहीत. घरी आल्यावर भांडी घासताना सगळे सुचले, नेहमीसारखेच!

भांडण कँडीचं. तिथे श्री दलदा मालिगावा आहे, म्हणजे बुद्धाचा दात जिथे ठेवला आहे असं मानतात ते मंदिर. दारात झडती होते. जानेवारी १९९८ मध्ये तिथे मोठा बॉम्बस्फोट झाला होता, तेव्हा झडतीबद्दल कुणी कुरकुरू नये. पुढे चपला काढायच्या, टोपी काढायची, खांदे आणि गुडघे झाकलेले हवेत. आमच्यातले एक निवृत्त इंजिनियर गृहस्थ अर्ध्या चड्डीत आलेले. पहारेकऱ्याने अडवलं, तर ते त्याला इंग्रजीत सांगायला लागले, "मी नास्तिक आहे. मला तुमचे नियम लागू नाहीत." तो बिचारा हसला आणि बोटाने गुडघे दाखवत राहिला. शेवटी बाहेरून लुंगीसारखं कापड आणून गुंडाळलं, तेव्हा सुटका झाली.

परतताना बसमध्ये त्यांनी विषय काढला. "बुद्ध सांगून गेला मूर्ती नको, देव नको. आणि हे लोक दात पुजतात! आपण न मानणाऱ्यांनी यांच्या नाटकात भाग का घ्यायचा?" बसमध्ये बऱ्याच माना डोलल्या. मागून एक बाई म्हणाल्या, "अहो, बुद्ध म्हणजे विष्णूचाच नववा अवतार. आपलंच आहे सगळं, एवढं काय मनावर घेता!" त्यावरही माना डोलल्या. बऱ्याचशा त्याच माना!

आता माझं ऐका. मीही देव मानत नाही. बी. ए. ला असताना आगरकर वाचले तेव्हापासून मानत नाही, आणि आता पंच्याहत्तरीकडे झुकताना भीतीपोटी मानायला लागेन अशी चिन्हंही नाहीत. आमचे हे रोज पूजा करतात, मी त्यांना फुलं काढून देते, संसार चालू आहे. तेव्हा मी बोलते आहे ती भाविकांची वकील म्हणून नव्हे. माझं म्हणणं एवढंच आहे, की न मानणाऱ्याला पाळण्यातून सूट मिळते हा निव्वळ गैरसमज आहे. उलट त्याच्यावर एक काम जास्तीचं पडतं. भाविकाला रीत सवयीने येते, आपल्याला ती विचारून समजून घ्यावी लागते.

आधी चपला आणि गुडघ्यांचं बघू. आपण कुणाच्या घरी गेलो तर चपला दाराशी काढतो. ते आपलं त्यांच्या घरदेवावर श्रद्धा आहे म्हणून का? घर त्यांचं आहे म्हणून. दंबुल्लाच्या लेण्यांत एक जोडपं बुद्धाकडे पाठ करून फोटो काढायला उभं राहिलं, तेव्हा तिथला माणूस धावत आला. आमच्या मंडळींना तो आगाऊपणा वाटला. पण आपल्याकडे गाभाऱ्यातून निघताना जुनी माणसं देवाकडे पाठ न करता दोन पावलं मागे सरकत यायची, हे आपण पाहिलेलं नाही का? फूल वाहण्याआधी हुंगायचं नाही, हा नियम कँडीतही आहे आणि माझ्या सासूबाईंचाही होता. एकदा सोनचाफ्याचा वास घेतला म्हणून मी बोलणी खाल्ली आहेत.

मग काय, सगळं सारखंच? तर तेही नाही. इथे मागच्या बाकावरच्या बाईंशी माझं भांडण आहे.

कँडीत त्या दाताच्या मंदिराजवळच विष्णूचं देवालय आहे. आमच्यातल्या बऱ्याच जणांना ते पाहून आनंद झाला. पण तिथला विष्णू कोण आहे हे एकानेही विचारलं नाही. सिंहली बौद्ध विष्णूला मानतात ते बेटावरच्या बुद्धशासनाचा रखवालदार म्हणून. म्हणजे आपल्याकडे बुद्ध विष्णूच्या रांगेत नवव्या नंबरवर उभा, आणि तिथे विष्णू बुद्धाच्या दाराशी पहाऱ्याला. "आपलंच आहे सगळं" म्हणणाऱ्याने हे एकदा ऐकून घ्यावं आणि मग बघावं आपल्याला तितकंच गोड वाटतं का. "तुमचं ते आमचंच" हे वाक्य प्रेमाचं वाटतं, पण त्यात समोरच्याला तोंड उघडायला जागा नसते. बाबासाहेबांनी १९५६ मध्ये नागपूरला ज्या बावीस प्रतिज्ञा दिल्या, त्यात बुद्ध हा विष्णूचा अवतार नाही, हे स्वच्छ सांगणारी एक प्रतिज्ञा आहे. ती आपल्याच महाराष्ट्रातली लाखो माणसं मानतात. त्यांच्यासमोर ते अवताराचं वाक्य सहज बोलून जाणं हा साधा उद्धटपणा आहे.

आता इंजिनियरसाहेबांचा दात. मुळात तो दात कुणाला दिसतच नाही. संध्याकाळच्या पूजेला खाली ढोल वाजायला लागतात, वर रांग लागते, आणि एका झरोक्यासमोरून आपण पुढे ढकलले जातो. आत दिसतो तो सोन्याचा करंडक. एकात एक असे सात करंडक आणि सगळ्यात आत दात. तो खरा की खोटा, या वादात मला रस नव्हता. मी रांगेबाहेर एका खांबाशी उभी राहिले आणि माणसं बघत बसले. बहुतेकांचे कपडे पांढरे. हातात कमळं, चाफ्याची फुलं. लांबलचक टेबलावर ती मांडायची, हात जोडून पुटपुटायचं, बाजूला व्हायचं. माझ्या शेजारी एक शाळामास्तरीण बाई निघाल्या (आम्ही एकमेकींना ओळखतोच!). मी मोडक्या इंग्रजीत विचारलं, फुलं वाहताना काय मागता? त्या म्हणाल्या, मागत नाही. हे फूल जसं कोमेजणार तसं हे शरीर कोमेजणार, अशा अर्थाची पाली गाथा म्हणतो.

मी गप्प झाले. मी धरून चालले होते की फूल म्हणजे लाच. नोकरी दे, मुलगा दे, गुडघेदुखी बरी कर. तसं मागणारेही तिथे असतीलच, माणसं सगळीकडे माणसंच. पण रीत मुळात काय सांगते ते मला ठाऊक नव्हतं, आणि ठाऊक नसताना मी मनात निकाल देऊन मोकळी झाले होते. विद्यार्थ्याने धडा न वाचता उत्तर लिहिलं तर मी शून्य द्यायची. स्वतःलाही तेवढेच दिले.

समजून घेणं म्हणजे मान्य करणं नव्हे, हेही ठणकावून सांगते. ज्याच्याकडे दात त्याचं राज्य, अशी तिथे समजूत होती. राजधानी हलली की दातही हलायचा. धर्म आणि सत्ता यांची ती गाठ मला आवडत नाही. २०१४ मध्ये दंडावर बुद्धाचं चित्र गोंदलेलं होतं म्हणून एका इंग्रज पर्यटक बाईला त्या देशाने पकडून परत पाठवलं. मला ते चूक वाटतं. तिथल्याच सर्वोच्च न्यायालयानेही २०१७ मध्ये तिला भरपाई द्यायला लावली. टीका करायची तर अशी, माहिती घेऊन करावी. अर्ध्या चड्डीत दारात उभं राहून नव्हे.

आपल्या माणसांनी हे आधी करून ठेवलेलं आहे. गोव्याच्या साखवाळचे धर्मानंद कोसंबी १९०२ मध्ये सिलोनला पोचले, ते पाली शिकून बौद्ध धर्म मुळातून समजून घ्यायला. आणि मे १९५० मध्ये खुद्द बाबासाहेब तिथे बौद्ध परिषदेला गेले होते. दीक्षा घ्यायला अजून सहा वर्षं होती. बौद्धांचे विधी प्रत्यक्ष पाहावेत, हा धर्म लोकांत किती जिवंत आहे ते बघावं, हा आपल्या येण्याचा हेतू असल्याचं त्यांनी तिथे सांगितलं होतं. एवढा मोठा चिकित्सक माणूस आधी बघायला गेला. आणि आपण दोन तासांच्या दर्शनात बुद्धाची चूक काढून बसमध्ये येऊन बसतो!

इथवर बसमधल्या लोकांशी भांडले. आता स्वतःशी.

आमच्या घरापासून दहा मिनिटांवर बुद्धविहार आहे. मी या गावात चौतीस वर्षं शिकवलं. त्या वस्तीतली कितीतरी मुलं माझ्या वर्गातून गेली. दर बुद्धपौर्णिमेला कुणी ना कुणी सांगायला यायचं, "बाई, खीरदान आहे, या." मी दर वेळी म्हणायची, "अरे, मी देवाधर्माचं काही मानत नाही, तुला माहीत आहे ना!" ती मुलं "बरं बाई" म्हणून जायची. मला माझ्या तत्त्वनिष्ठेचं कौतुक वाटायचं.

पण याच चौतीस वर्षांत मी शाळेच्या गणपतीच्या आरतीला टाळ्या वाजवल्या. शेजारच्या सत्यनारायणाचा शिरा खाल्ला, वर कृतीही विचारली. संक्रांतीची हळदीकुंकवं एकही चुकवली नाहीत. तिथे कधी माझं न मानणं आडवं आलं नाही. "शेजारधर्म असतो" म्हणायची. म्हणजे माझी नास्तिकता गावभर सैल होती आणि एकाच गल्लीच्या तोंडाशी कडक व्हायची. याला तत्त्व म्हणत नाहीत. याला काय म्हणतात ते वाचणाऱ्यांना कळतं, मला लिहायला लावू नका. आमच्या घरात "आम्ही जातपात मानत नाही" हे वाक्य तीन पिढ्या चालत आलं आहे, तेही याच जातीचं.

कँडीचं तिकीट काढून, विमानाने जाऊन मी ज्या फुलाचा अर्थ विचारला, तो मला दहा मिनिटं चालून विचारता आला असता.

यंदाच्या बुद्धपौर्णिमेला मी गेले. आधी एका जुन्या विद्यार्थ्याला फोन करून विचारलं, काय नेसू, काय आणू, कुठे बसू. तो म्हणाला, "पांढरी साडी असेल तर नेसा, नसेल तर कुठलीही. पाया पडायचं नसेल तर पडू नका बाई, नुसत्या बसा." मी पांढरी नेसले. समोर बुद्धाची मूर्ती, शेजारी बाबासाहेबांची तसबीर, मेणबत्त्या, उदबत्त्या. सगळ्यांनी त्रिशरण, पंचशील म्हटलं. मी म्हटलं नाही, कारण जे शरण जाणं माझं नाही ते तोंडाने म्हणणं खोटं झालं असतं. सगळे उठले तेव्हा उठले, बसले तेव्हा बसले. मग फुलं वाहताना पाली गाथा सुरू झाली. शब्द मला येत नव्हते, म्हणून शेजारच्या मुलीला हळूच अर्थ विचारला. तिने सांगितला. फूल कोमेजतं तसं शरीर. तीच गाथा, कँडीतली.

आमचे एक पुरोगामी मित्र म्हणतात, बाबासाहेबांनी व्यक्तिपूजा नको म्हटलं आणि हे त्यांच्याच तसबिरीला हार घालतात. मी त्यांना विचारलं, तुमच्या दिवाणखान्यात वडिलांच्या फोटोला चंदनाचा हार आहे तो का? शाळेत टिळक पुण्यतिथीला हार घालतो तो का? ज्याच्यामुळे आपण ताठ उभे आहोत त्याच्यापुढे वाकलं तर ती लाचारी होत नाही. हे समजायला श्रद्धा लागत नाही, थोडी लाज लागते.

खीर घेताना एका विद्यार्थ्याची आजी शेजारी बसल्या होत्या. माझ्याहून दहा-बारा वर्षांनी मोठ्या. म्हणाल्या, "नातू लई नाव घेतो तुमचं. यायला बराच येळ लावला बाई." रागाने नाही, सहज. मला उत्तर सुचलं नाही. घरी येऊन भांडी घासतानाही सुचलं नाही. अजून सुचलेलं नाही.

तेव्हा बसमधल्या मंडळींनो, आणि हे वाचणाऱ्या दीर-जावा-भाचरांनो, तुम्ही मानू नका. मीही मानत नाही. पण जाल तिथे चपला काढा, गुडघे झाका, पाठ फिरवू नका, आणि हे असं का, म्हणून एखाद्याला नीट विचारा. जे खोटं वाटेल ते तोंडाने म्हणू नका. "आपलंच आहे" असंही म्हणू नका. आणि पुढच्या टूरचे पैसे भरण्याआधी आपल्या गावातल्या विहाराची वाट कुठून जाते तेवढं बघून ठेवा. वर्षावासात, आषाढ पौर्णिमेपासून आश्विन पौर्णिमेपर्यंत, विहारांतून 'बुद्ध आणि त्यांचा धम्म'चं वाचन चालतं. मी जाऊन मागे बसणार आहे. मुद्दे पटले नाहीत तर तिथे हात वर करून विचारीन, इतकी वर्षं मुलांना तेच शिकवलं.

पुण्याच्या वहिनींना हे आवडणार नाही. त्यांनी रागवायला फोन करावा. संध्याकाळी सातनंतर, तेव्हा मी मोकळी असते.