दाताचा उडालेला टवका

लग्न ठरले आणि साखरपुड्याची तारीख निघाली की घरातील सर्वांची दृष्टी वधूवरांच्या चेहऱ्यावर स्थिरावते. बालपणी पायरीवर पडून पुढच्या दाताचा जो टवका उडालेला असतो, पंधरा वर्षे ज्याची कोणी दखलही घेतलेली नसते, तो एकाएकी सर्वांना खुपू लागतो. दंतवैद्य पर्याय सांगतात : कॅप, व्हेनियर किंवा बाँडिंग. घरात मग खर्चाची तुलना सुरू होते; दातातून काय कापले जाणार, हे सहसा कोणी विचारत नाही.

दाताचे बाह्य कवच, म्हणजे एनॅमल, हा मानवी शरीरातील सर्वांत कठीण पदार्थ होय. मात्र ते घडविणाऱ्या पेशी दात हिरडीतून वर येईपर्यंत नाहीशा झालेल्या असतात. हाड सांधते, कातडी भरून येते. कापून काढलेले एनॅमल पुन्हा येत नाही. कॅपसाठी दात चहूबाजूंनी कोरावा लागतो, व्हेनियरसाठी बहुधा समोरून सुमारे अर्धा मिलिमीटर. बाँडिंगमध्ये पुष्कळदा काहीच कापावे लागत नाही, उलट दातावर भर घातली जाते. बावीस वर्षांच्या मुलीच्या एका टवक्यासाठी शेजारचे निरोगी दातही कोरून घेणे, म्हणजे व्याजासाठी मुद्दल मोडण्यासारखेच आहे.

ही पद्धत उदयास आली ती रंगकामातील एका युक्तीमुळे. धातूवर रंग पक्का बसावा म्हणून उद्योगांत फॉस्फोरिक आम्ल वापरीत. अमेरिकेतील मायकेल बुओनोकोर यांनी 1955 मध्ये तोच उपाय एनॅमलवर करून दाखविला. आम्लामुळे पृष्ठभागावर अतिसूक्ष्म खळगे पडतात, त्यांत राळेसारखा चिकट पदार्थ शिरतो आणि घट्ट धरून बसतो. आज दंतवैद्य अर्धा मिनिट आम्लाची जेली लावून दात धुतात, त्यावर दाताच्या रंगाचे कॉम्पोझिट थराथराने चढवितात आणि प्रत्येक थर निळ्या प्रकाशाने कठीण करतात. एका दाताला साधारणतः अर्धा ते एक तास लागतो, आणि बहुतेक वेळा भूल द्यावी लागत नाही.

या कामाला मर्यादाही आहेत. काही वर्षांनी कॉम्पोझिटची झिलई उतरते, चहा व हळदीचे डाग चढतात, कडा तुटू शकतात. डागडुजी मात्र सोपी असते. दातांनी सुपारी फोडणे किंवा दुकानात बसल्या बसल्या दोरा तोडणे या सवयी सुटल्या नाहीत, तर नवा टवका लवकरच उडेल. झोपेत दात खाण्याची सवय असल्यास तिचा उपाय आधी करावा. हिरड्यांतून रक्त येत असेल तरीही बाँडिंगची घाई नको. दोन दातांमधील फट भरून घेतली असल्यास तेथून दोरा सहज सरकतो ना, हे खुर्चीवरून उठण्यापूर्वीच पाहून घ्यावे.

राहता राहिला वेळेचा प्रश्न. कॉम्पोझिट ब्लीचने उजळत नाही. म्हणून दात पांढरे करून घ्यायचे असतील तर ते आधी, त्यानंतर सुमारे दोन आठवड्यांनी बाँडिंग, आणि पुढे चावा अथवा कड खटकल्यास दुरुस्तीसाठी आणखी एक खेप. मेंदीच्या आठवड्यात दंतवैद्याचे दार ठोठावणाऱ्यांना यांपैकी कशालाच वेळ मिळत नाही. तेथे लग्नाआधी किमान दीड महिना गेलेले बरे.