चित्रीकरणाचा परवाना : कमाई पाहावी की भार?

सरकारी मालकीच्या जागेवर दोन माणसे कॅमेरा घेऊन उभी आहेत. एक जण घरच्यांना दाखवण्यासाठी चित्रीकरण करीत आहे. दुसरा तेच चित्रीकरण विकून चार पैसे मिळवणार आहे. दोघांचा कॅमेरा सारखाच, दोघांचे पाय त्याच पायवाटेवर, आणि दोघांमुळे गवताची एक काडीही मोडलेली नाही. मग परवाना आणि फी फक्त दुसऱ्याकडेच का मागायची?

प्रश्न साधा वाटतो. परंतु अमेरिकेसारख्या देशाला त्याचे उत्तर सापडायला तब्बल पंचवीस वर्षे लागली. २००० साली तिथे एक कायदा झाला, त्यावर कोर्टकचेऱ्या झाल्या आणि शेवटी ४ जानेवारी २०२५ रोजी तो कायदा बदलला गेला. ही हकिकत केवळ अमेरिकेपुरती नाही. लग्नकार्याचे चित्रीकरण करणारे, छोटे माहितीपट बनवणारे, यूट्यूबवर चित्रफिती टाकून संसार चालवणारे अनेक तरुण आज आपल्या गावोगावी आहेत. त्यांच्या धंद्याशी या प्रश्नाचा थेट संबंध आहे.

जागा जनतेची, नियम कोणासाठी?

अमेरिकेत केंद्र सरकारच्या मालकीची सुमारे ६४ कोटी एकर जमीन आहे, म्हणजे देशाच्या एकूण भूभागाच्या जवळजवळ २८ टक्के. राष्ट्रीय उद्याने, राखीव वने, वाळवंटे, जुन्या रणभूमी हे सारे त्यात येते. गृहखात्याच्या (तिकडे हे खाते जमीन व नैसर्गिक संपत्ती सांभाळते) अखत्यारीतील राष्ट्रीय उद्यान सेवा व भूव्यवस्थापन विभाग आणि कृषिखात्याची वनसेवा या यंत्रणा तिची देखभाल करतात. हॉलिवूडने या जमिनीचा भरपूर वापर केला. १९७७ च्या ‘क्लोज एन्काउंटर्स ऑफ द थर्ड काइंड’मधील तो उंच खडकाळ सुळका म्हणजे वायोमिंग राज्यातील डेव्हिल्स टॉवर हे राष्ट्रीय स्मारक. १९८३ च्या ‘रिटर्न ऑफ द जेडाय’साठी कॅलिफोर्नियातील सरकारी वाळूच्या टेकड्यांवर प्रचंड देखावे उभारले गेले.

पूर्वी राष्ट्रीय उद्यानांत चित्रीकरणासाठी जागेचे भाडे घेण्याची सोयच नियमात नव्हती. कोट्यवधी डॉलर कमावणाऱ्या कंपन्यांनी जनतेची जागा वापरावी आणि जनतेच्या पदरात काहीच पडू नये, हे अन्यायाचे होते. म्हणून मे २००० मध्ये अमेरिकन काँग्रेसने कायदा केला की, व्यापारी चित्रीकरणासाठी परवाना घ्यावा लागेल आणि वाजवी फी द्यावी लागेल. फी ठरवताना तीन गोष्टी पाहायच्या : चित्रीकरणाचे दिवस किती, माणसे किती आणि सामान किती व कोणत्या प्रकारचे. हे निकष योग्यच होते. त्या कायद्याचा हेतू चांगला होता, हे आम्ही मोकळेपणाने मान्य करतो.

चूक झाली ती दरवाजावर. माणसे, दिवस, सामान यांचा विचार नंतर. त्याआधी पहिला प्रश्न एकच : हे चित्रीकरण व्यापारी आहे काय? २०१३ च्या नियमांत ‘व्यापारी चित्रीकरणा’ची व्याख्या अशी झाली की, उत्पन्न मिळवण्याच्या हेतूने, बाजारातील प्रेक्षकांसाठी केलेले हलत्या चित्रांचे मुद्रण. स्थिर छायाचित्रे काढणाऱ्याला बहुतेक वेळा सूट होती. बातमीदाराला सूट होती. घरगुती हौशी माणसाला सूट होती. अडकला तो एकटा-दुकटा कॅमेरा घेऊन फिरणारा छोटा व्यावसायिक.

दरपत्रकाचा हिशेब

हिशेबाच्या भाषेत पाहू. राष्ट्रीय उद्यान सेवेच्या त्या काळच्या दरपत्रकात दोघेजण फक्त कॅमेरा आणि स्टँड घेऊन आले तर जागेचे भाडे शून्य होते. त्यापलीकडे दहा माणसांपर्यंत दिवसाला १५० डॉलर, ११ ते ३० माणसांना २५० डॉलर आणि ५० हून अधिक माणसांच्या ताफ्याला ७५० डॉलर. आता तीन मित्रांचे पथक घ्या. माणशी ५० डॉलर पडले. साठ जणांचा ताफा घ्या. माणशी साडेबारा डॉलर पडले. ज्याच्याकडे भांडवल कमी, त्याच्यावर ओझे चौपट.

आणि हे फक्त भाडे झाले. अर्जाची वेगळी, परत न मिळणारी फी. देखरेखीचा खर्च. विम्याचा कागद. परवाना हातात येईपर्यंतची वाट. मोठ्या कंपनीकडे या कामासाठी पगारी माणूस असतो. छोट्या माणसाला हे सारे स्वतःच करावे लागते, आणि तोवर ऋतू निघून जातो. ज्यांना भाडे शून्य होते त्यांचीही अर्ज आणि परवाना यांतून सुटका नव्हती. धंदेवाईक माणसाला फीपेक्षा वेळ महाग पडतो, ही गोष्ट कचेरीत बसणाऱ्याच्या ध्यानात सहसा येत नाही.

सप्टेंबर २०१४ मध्ये वनसेवेने अरण्यक्षेत्रातील चित्रीकरणाच्या नियमांचा मसुदा काढला, तेव्हा देशभर ओरड झाली. परवान्याला १५०० डॉलरपर्यंत खर्च आणि विनापरवाना काम केल्यास १००० डॉलरपर्यंत दंड, असे आकडे वृत्तपत्रांत झळकले. अखेर वनसेवेच्या प्रमुखांना खुलासा करावा लागला की, हे बातमीदारांसाठी किंवा सामान्य छायाचित्रकारांसाठी नाही. खुलासा झाला, पण मूळ प्रश्न तसाच राहिला.

एका छोट्या चित्रपटाचा खटला

तो प्रश्न कोर्टात नेला गॉर्डन प्राइस या स्वतंत्र चित्रपट निर्मात्याने. व्हर्जिनिया राज्यातील एका रस्त्याभोवतीच्या दंतकथा आणि तिथे घडलेल्या, उलगडा न झालेल्या खुनांवर त्याने ‘क्रॉफर्ड रोड’ हा चित्रपट बनवला. त्यातील काही दृश्ये यॉर्कटाउनच्या रणभूमीवर टिपली होती. १७८१ साली अमेरिकेच्या स्वातंत्र्ययुद्धातील शेवटची मोठी लढाई झाली ती हीच जागा. आज ती राष्ट्रीय उद्यान सेवेकडे आहे. प्राइसच्या पथकात चारपेक्षा जास्त माणसे नव्हती. अवजड सामान नव्हते. जागेची काही हानी झाल्याचा प्रश्नच नव्हता. तरीही चित्रपट दाखवला गेल्यावर २०१८ च्या डिसेंबरात त्याच्यावर विनापरवाना चित्रीकरणाचा ठपका आला. अशा गुन्ह्याला सहा महिन्यांपर्यंत कैदेची तरतूद होती. पुढे सरकारने तो आरोप मागे घेतला, पण प्राइसने स्वतःच सरकारविरुद्ध दावा लावला.

जानेवारी २०२१ मध्ये वॉशिंग्टनच्या जिल्हा न्यायालयाने त्याच्या बाजूने निकाल दिला. न्यायाधीश कोलीन कोलर-कोटेली यांनी या नियमातील विसंगती दाखवून दिली. व्यापारी हेतू असलेल्या एकट्या माणसाला परवाना लागतो, आणि व्यापारी हेतू नसलेला मोठा घोळका मात्र सुटतो. मग हा नियम जागेचे रक्षण कसे करणार? सरकार अपिलात गेले. ऑगस्ट २०२२ मध्ये अपील न्यायालयाने दोन विरुद्ध एक अशा मतांनी निकाल फिरवला. बहुमताचे म्हणणे असे की, चित्रीकरण ही बोलण्याआधीची पायरी आहे, प्रत्यक्ष बोलणे नव्हे. म्हणून सरकारी जागेवर तिच्यावर वाजवी निर्बंध घालता येतात. न्यायाधीश टेटल यांनी विरुद्ध मत नोंदवले. पुढच्या वर्षी सर्वोच्च न्यायालयाने हे प्रकरण सुनावणीला घेतले नाही. प्राइस कोर्टात हरला.

पण त्याचा मुद्दा हरला नाही. दोन्ही पक्षांच्या सभासदांनी उचलून धरलेल्या ‘एक्सप्लोर’ नावाच्या मोठ्या विधेयकात चित्रीकरणाचे कलम घातले गेले, आणि ४ जानेवारी २०२५ रोजी राष्ट्राध्यक्ष बायडेन यांच्या सहीने त्याचा कायदा झाला.

नव्या कायद्याने काय बदलले?

नव्या कायद्याने दरवाजावरचा प्रश्नच बदलला. आता चित्रीकरण व्यापारी आहे की हौशी, त्यातून पैसा मिळणार की नाही, ते चित्रपटगृहात दिसणार की मोबाइलवर, हे पाहायचे नाही. सहापेक्षा कमी माणसे असतील, जागा लोकांना खुली असेल, सामान हाताने उचलून नेण्याजोगे असेल, इतरांच्या वाटेत अडथळा येत नसेल, झाडेझुडपे व वास्तूंना धक्का लागत नसेल आणि सरकारला जादा खर्च पडत नसेल, तर परवाना नको आणि फीही नको. सहा ते आठ माणसांसाठी विनामूल्य मंजुरीची सोय आहे. त्याहून मोठ्या पथकाला, देखावे उभारणाऱ्याला, जागा अडवणाऱ्याला मात्र पूर्वीप्रमाणे परवाना घ्यावाच लागतो. ड्रोनच्या नावाने कोणी पळवाट शोधू नये. राष्ट्रीय उद्यानांत तो उडवण्यास २०१४ पासून बंदी आहे.

हाच आमच्या मते खरा निकष आहे. जागेवर भार किती पडतो ते पाहा. मिळकत किती होते ते पाहण्यासाठी प्राप्तिकर खाते आहेच. ईमानदारीने चार पैसे मिळवणे हा काही गुन्हा नाही की त्यासाठी वेगळा दाखला काढावा लागावा.

यावर काही जण म्हणतील की, परवाने सैल केले तर जागांची वाट लागेल. ही भीती अगदीच निराधार नाही. पण परवाना आणि रक्षण या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. थायलंडमधील फी फी बेटांजवळच्या माया उपसागराचे उदाहरण घ्या. ती जागा राष्ट्रीय उद्यानात मोडते. १९९९ साली ‘द बीच’ या हॉलिवूड चित्रपटासाठी तिथला किनारा सपाट करण्यात आला, मूळची झुडपे काढून नारळाची झाडे लावण्यात आली. चोरून नव्हे, वनखात्याची परवानगी घेऊन आणि पैसे भरून! त्यावर लागलेले दावे वीस वर्षांहून अधिक काळ चालले. कचेरीने मोठ्या कंपनीचे पैसे मोजले, पण वाळूवर पडणारा भार मोजला नाही. फी भरली म्हणजे जागा वाचली, असा समज कोणी करून घेऊ नये.

आपल्याकडील स्थिती

आपल्या देशातही हाच विचार व्हायला हवा. दौलताबादचा किल्ला, औरंगाबादचा बीबी का मकबरा, रायगड या वास्तू भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या संरक्षणाखाली आहेत. १९५९ च्या नियमांप्रमाणे अशा ठिकाणी हातातल्या कॅमेऱ्याने छायाचित्र काढता येते, स्टँड लावायचा तर परवानगी लागते आणि चित्रपटाच्या चित्रीकरणासाठी रीतसर परवाना लागतो. जुलै २०१८ मध्ये सरकारने अजिंठ्याची लेणी, लेहचा राजवाडा आणि ताजमहालातील मुख्य कबरीची इमारत वगळता संरक्षित वास्तूंच्या आवारात छायाचित्रणाला मोकळीक दिली. हे योग्य पाऊल होते. अजिंठ्याची चित्रे नाजूक आहेत, तिथे कडक राहिलेच पाहिजे. पण किल्ल्याच्या उघड्या बुरुजावर हातात मोबाइल घेतलेला एकटा तरुण आणि पन्नास माणसांचे युनिट यांना एकाच रांगेत उभे करणे शहाणपणाचे नाही.

चित्रपटवाल्यांना परवानग्या एका ठिकाणी मिळाव्यात म्हणून केंद्र सरकारने २०१५ साली फिल्म फॅसिलिटेशन ऑफिस सुरू केले. एक खिडकी ही कल्पना चांगली आहे. मात्र खिडकी एक असो वा दहा, तिथे विचारला जाणारा पहिला प्रश्न चुकीचा असेल तर छोट्या माणसाची रांग काही कमी होणार नाही.

म्हणून आमची सूचना अशी. प्रत्येक सरकारी जागेच्या फाटकावर मराठीत एक पाटी असावी. किती माणसांपर्यंत परवाना नको, कोणते सामान चालेल, कोणत्या भागात कॅमेरा अजिबात नको, मोठ्या कामासाठी फी किती आणि अर्जाचे उत्तर किती दिवसांत मिळेल, एवढे तिच्यावर स्पष्ट लिहिलेले असावे. नियम लिहिलेला असला की पहारेकऱ्याच्या मर्जीवर काही राहत नाही, आणि मर्जीवर काही राहिले नाही की वरकमाईची वाटही आपोआप बंद होते.

आपल्या व्यावसायिक बंधूंनाही दोन शब्द. सूट मागायची तर जबाबदारीही घ्यावी लागते. कचरा मागे ठेवू नये, भिंतीला खिळा ठोकू नये, येणाऱ्या-जाणाऱ्यांना हटकू नये, इबादतीच्या आणि श्रद्धेच्या जागी तिथल्या लोकांची परवानगी आधी घ्यावी. मोठे काम असेल तर फी भरून पावती जपून ठेवावी. एका कॅमेरावाल्याच्या बेफिकिरीची किंमत पुढच्या दहा जणांना मोजावी लागते.

जागा जनतेची आहे. तिच्यावर जो जास्त भार टाकील त्याने जास्त द्यावे, आणि जो काहीच भार टाकत नाही त्याला त्याचे काम करू द्यावे. अमेरिकेतील एका छोट्या निर्मात्याला हे सांगण्यासाठी वर्षानुवर्षे कोर्टात झगडावे लागले. आपल्या तरुणांवर ती वेळ येऊ नये, एवढीच अपेक्षा.