तुटलेला दोर

घरावर झुकलेली आंब्याची फांदी तोडताना ती एकदम पडू देत नाहीत. तिला दोर बांधतात, तो वरच्या बळकट बेचक्यातून घेतात आणि खालची माणसे दोर हळूहळू सोडत फांदी अंगणात उतरवितात. कधी हा दोर मध्येच तुटतो. कौले फुटतात, प्रसंगी माणूसही जायबंदी होतो. मग ‘दोरच कुजका निघाला’ असे म्हणून लोक मोकळे होतात आणि दोर उकिरड्यावर जातो. कोणाला इजा झाली नसेल, तर देवाचे आभार मानून सारे विसरतात. मला हे मुळीच पटत नाही. घडल्या प्रकाराचा खरा साक्षीदार तो दोर. त्याची साक्ष न घेताच आपण त्याला घालवून देतो!

तुटलेली टोके हातात घेऊन पाहावीत. दोर गाठीपाशी तुटला असेल, तर गाठीचा विचार करावा. कारण गाठीत दोर एकदम वळतो आणि तेथे त्याचे बळ पुष्कळ घटते. एकाच बाजूचे तंतू झिजले असतील, तर तो सालीवर घासला असावा. काही तंतू साफ कापलेले दिसले, तर कोयत्याचा ओझरता घाव लागला असेल.

१८६५ साली आल्प्स पर्वतातील मॅटरहॉर्न शिखर प्रथम सर झाले. उतरताना चौघे कोसळले, आणि मागच्या तिघांना त्यांच्याशी जोडणारा दोर तुटला. वाचलेल्या एडवर्ड व्हिंपरने तो पाहिला, तेव्हा बरोबर आणलेल्या तीन प्रकारच्या दोरांपैकी तो सर्वांत दुबळा असल्याचे त्याला कळले. त्या दोराचा तुकडा त्झेरमाट गावच्या संग्रहालयात जपून ठेवलेला आहे.

पण झाडावर कधी नवा कोरा दोरही तुटतो. तेथे दोष हिसक्याचा असतो. ५० किलोग्रॅमचा ओंडका नुसता टांगला, तर दोरावर तेवढाच भार येतो. तोच ओंडका २ मीटर मोकळा पडला आणि दोराने त्याला पुढच्या अर्ध्या मीटरात थांबविले, तर थांबविताना सरासरी २५० किलोग्रॅम वजनाइतका ताण बसतो! म्हणून जाणती माणसे कापण्यापूर्वीच दोर ताणून घेतात, ओंडके लहान पाडतात आणि फांदीखाली कोणाला उभे राहू देत नाहीत.

तपास संपला, की त्या दोराचे हात हात लांबीचे तुकडे करावेत. नाही तर गाठ मारून कोणीतरी तो पुन्हा झाडावर नेतोच.