भाव खेळाडूचा की पर्सचा?

हॉकी इंडिया लीगचा विषय निघाला की कट्ट्यावर वाद ठरलेला: हरमनप्रीतचे ७८ लाख जास्त झाले का? अरे, पॅरिस ऑलिम्पिकमध्ये १० गोल केलेत त्याने! पेनल्टी कॉर्नरवर हमखास गोल करणाऱ्यासाठी टीम पैसे मोजणारच. पण २०२४च्या त्याच लिलावात महिलांमध्ये सर्वांत महाग ठरलेल्या उदिताला मिळाले ३२ लाख. लगेच ‘मार्केटच तेवढं’ म्हणू नका. पहिली बोली लागण्याआधीच पुरुषांच्या टीमला पर्स होती ४ कोटींची, महिलांच्या टीमला २ कोटींची. महिलांच्या लीगचं पहिलंच वर्ष होतं, मान्य. पण खिसाच अर्धा दिला तर बोली चढणार कुठून? तेव्हा खेळाडूच्या किमतीवर भांडा खुशाल. आधी पर्स किती होती, तेवढं विचारा.